अंधेरी ते नाशिकरोड, अंतर शून्य किलोमीटर: एका हॅम नोंदवहीचा प्रकरण अभ्यास

हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या, नोंदवहीच्या तक्त्यातली ओळ साधी होती. हाक देणारा अंधेरीचा, ऐकणारं केंद्र नाशिकरोडचं, बँड ४० मीटर, पद्धत एफटी८, अंतर ० किलोमीटर. त्याच हाकेची पुढची ओळ पंचवटीच्या केंद्राची, आणि तिथे अंतर १११ किलोमीटर. अंधेरीपासून ही दोन्ही ठिकाणं सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटरवर आहेत आणि एकमेकांपासून जेमतेम साडेआठ. महिनाभर गोळा केलेल्या नोंदींमध्ये जवळच्या स्थानकांची जवळपास प्रत्येक ओळ अशीच होती. यंत्रात बिघाड नव्हता आणि दोन्ही केंद्रं ऐकत नीट होती. चूक कुठून शिरली आणि ती कशी काढली, त्याची ही मांडणी.

उद्देश सरळ होता. २०२७चा सिंहस्थ किंवा गोदावरीचा पूर, अशा वेळी मोबाइलचं जाळं कोंडलं तर नाशिकहून मुंबई-ठाण्याशी ४० मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, कोणत्या तासांत बोलता येईल, हे अंदाजाने नव्हे तर नोंदींवरून कळायला हवं होतं. इतक्या कमी अंतरासाठी लहर जवळजवळ सरळ वर जाऊन आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत खाली यावी लागते. दिवसा हे जमतं. रात्री उशिरा आणि विशेषतः पहाटे आयनांबर विरळ झालं, की ७ मेगाहर्ट्झची लहर वरून परत न येता निसटते आणि जवळचं स्थानक गप्प होतं, तेव्हाही दूरचं ऐकू येत राहतं. म्हणून या कामात ‘किती वाजता’ आणि ‘किती अंतरावरून’ हे दोनच रकाने महत्त्वाचे. नेमके तेच दोन बिघडले होते.

नोंदी कुठे जातात

एफटी८ ही संगणकाकरवी छोटे संदेश पाठवण्याची आणि ऐकण्याची पद्धत जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७मध्ये आणली. हे तेच टेलर, ज्यांना १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल रसेल हल्स यांच्यासोबत मिळालं. दर १५ सेकंदांचा एक खण, त्यात १२.६४ सेकंदांचं प्रक्षेपण, रुंदी ५० हर्ट्झ, आणि कानाला अजिबात न जाणवणारा, गोंगाटाखाली २० डेसिबल दबलेला संकेतही उलगडतो. उलगडणारं सॉफ्टवेअर, म्हणजे डब्ल्यूएसजेटी-एक्स, मोफत आहे. त्यात रिपोर्टिंगच्या पानावर एका चौकोनात खूण केली, की ऐकलेलं प्रत्येक कॉलसाइन, म्हणजे हॅमचं ओळखनाव, पीएसके रिपोर्टरकडे जातं. फिलिप ग्लॅडस्टन हे हॅम ती सेवा चालवतात. नोंदी साधारण पाच मिनिटांच्या गठ्ठ्याने, यूडीपीच्या ४७३९ या पोर्टवर जातात आणि थोड्याच वेळात जगाच्या नकाशावर दिसतात. व्हिस्पर या क्षीण संकेतांच्या दुसऱ्या पद्धतीच्या नोंदी अशाच व्हिस्परनेटवर जातात, आणि त्यांची २००८पासूनची प्रत व्हिस्पर डॉट लाइव्हवर कोणालाही प्रश्न विचारून चाळता येते. खातं नको, पैसे नकोत.

या सेवा स्वयंसेवकांच्या वेळेवर आणि देणग्यांवर उभ्या आहेत. तिथे तुमची नोंद तपासायला कोणी बसलेलं नाही. तुम्ही पाठवाल ते खरं मानून ठेवलं जातं, आणि चुकीची नोंद मागे घेण्याचं बटण तुमच्या हाती नसतं. त्यामुळे अचूकतेची सगळी जबाबदारी पाठवणाऱ्याकडे येते. नाशिकमधली एक चुकीची नोंद ही जर्मनीत बसून आयनांबराचा अभ्यास करणाऱ्याच्या तक्त्यातलीही चूक असते.

दोन केंद्रं

पंचवटीत एचएफ ट्रान्सीव्हर (पाठवणारा आणि ऐकणारा रेडिओ), यूएसबी साउंडकार्ड आणि विंडोज लॅपटॉप. नाशिकरोडला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) आणि आरटीएल-एसडीआर ब्लॉग व्ही३ डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचा रिसीव्हर, डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये (ट्यूनर वगळून थेट नमुने घेत). दोन्हीकडे गच्चीवर उलट्या व्हीच्या आकाराचा डायपोल, म्हणजे दोन बाहूंची तारेची अँटेना. लांबी १४२.५ भागिले ७.०७४, म्हणजे एकूण २०.१४ मीटर, प्रत्येक बाहू १०.०७ मीटर. मधलं टोक गच्चीपासून सात मीटर उंच. इथे उंची कमी असणं हा दोष नाही, कारण आपल्याला लहर वरच पाठवायची आहे. डायल ७.०७४ मेगाहर्ट्झ, साइडबँड वरचा. दोन्ही केंद्रं परवानाधारकांची, प्रत्येकाचं कॉलसाइन वेगळं. हे मुद्दाम सांगायला हवं. एकाच कॉलसाइनने दोन ठिकाणांहून नोंदी गेल्या, तर नकाशावर त्या खुणेला स्थिर जागा राहत नाही आणि मागाहून कोणती नोंद कुठली ते वेगळं काढता येत नाही.

विसावं अक्षवृत्त

हॅम लोक पत्ता लिहितात तो मेडनहेड लोकेटरने. १९८०मध्ये इंग्लंडातल्या मेडनहेड गावी झालेल्या बैठकीत ही पद्धत ठरली. पृथ्वीचे आधी २० अंश रेखांश बाय १० अंश अक्षांशाचे मोठे चौकोन, त्यांना दोन अक्षरं. त्या प्रत्येकाचे शंभर भाग, त्यांना दोन अंक. त्याचे पुन्हा २४ बाय २४ भाग, त्यांना पुन्हा दोन अक्षरं. सॉफ्टवेअरमध्ये ही अक्षरं रोमन असतात, इथे उच्चाराने लिहितो.

नाशिकरोडसाठी हाताने काढून पाहा. रेखांश ७३.८४, त्यात १८० मिळवले की २५३.८४. वीसने भागून १२, म्हणजे ‘ए’पासून शून्य मोजत तेरावं अक्षर, एम. उरले १३.८४, दोनने भागून ६. उरले १.८४, बाराने गुणून २२, म्हणजे डब्ल्यू. अक्षांश १९.९५, त्यात ९० मिळवले की १०९.९५. दहाने भागून १०, म्हणजे के. उरले ९.९५, त्यातला पूर्णांक ९. उरले ०.९५, चोवीसने गुणून २२, पुन्हा डब्ल्यू. झाला लोकेटर: एमके६९डब्ल्यूडब्ल्यू.

आता पंचवटी. अक्षांश २०.०१, रेखांश ७३.७९. रेखांशाकडून एम, ६ आणि व्ही. अक्षांशात ९० मिळवले की ११०.०१, दहाने भागून ११, म्हणजे एल. पुढे ०, मग ए. लोकेटर: एमएल६०व्हीए.

एकाच शहरात एमके६९ आणि एमएल६०! कारण विसावं उत्तर अक्षवृत्त थेट नाशिकमधून जातं, रामकुंडाच्या दक्षिणेला साधारण किलोमीटरभरावरून. मोठ्या चौकोनाची सीमा दर दहा अंशांनी येते आणि ती नेमकी इथे आली आहे. पंचवटी, म्हसरूळ, मखमलाबाद वरच्या चौकोनात. सिडको, अंबड, नाशिकरोड, देवळाली खालच्या. म्हणून नेटवर ‘नाशिकचा लोकेटर’ शोधून उत्तर चिकटवू नये. शहराचा मध्य कोणी १९.९९ धरला की २०.००, यावर उत्तर बदलतं. आपल्या गच्चीचे आकडे घ्यावेत.

दोन्ही केंद्रांनी ‘माय ग्रिड’च्या रकान्यात चारच अक्षरं भरली होती. ती चूक नव्हती, पण अपुरी होती. चार अक्षरांचा लोकेटर म्हणजे एक अंश बाय दोन अंशांचा चौकोन, आपल्या अक्षांशावर सुमारे १११ बाय २०९ किलोमीटर. अंतर काढताना सॉफ्टवेअर त्या चौकोनाचा मध्य धरतं. एमके६९चा मध्य १९.५ उत्तर, ७३ पूर्व, म्हणजे वाडा-भिवंडीच्या बाजूला. एमएल६०चा मध्य २०.५ उत्तर, ७३ पूर्व, म्हणजे गुजरातेत, वलसाड-वापीच्या पट्ट्यात. नाशिक दोन्ही चौकोनांच्या कोपऱ्यात पडतं, त्यामुळे दोन्ही केंद्रं आपल्या खऱ्या जागेपासून शंभरेक किलोमीटर सरकली आणि एकमेकांपासून एक अंश, म्हणजे १११ किलोमीटर दूर गेली. आणि अंधेरी? तीही एमके६९मध्येच. ठाणेही. मध्यापासून मध्यापर्यंत अंतर शून्य. तक्ता खोटं बोलत नव्हता. त्याला जेवढं सांगितलं तेवढंच तो सांगत होता.

युरोपातल्या हाकेसाठी शंभर किलोमीटर म्हणजे दीड टक्का, तिथे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. जवळच्या संपर्कात मात्र सगळा अर्थच जातो.

दोन्हीकडे सहा अक्षरं भरली. घराचा पत्ता उघड होईल अशी शंका काहींना असते. सहा अक्षरांचा चौकोन इथे ८.७ बाय ४.६ किलोमीटरचा असतो, तेव्हा ती भीती बाळगू नये.

पण अर्धंच काम झालं. ऐकणाऱ्याची जागा सुधारली, हाक देणाऱ्याची नाही. एफटी८चा नेहमीचा संदेश ७७ बिटांचा असतो आणि त्यात लोकेटरसाठी १५ बिट राखलेले आहेत. १५ बिटांत ३२,७६८ आकडे मावतात, आणि पृथ्वीवर चार अक्षरी चौकोन ३२,४०० आहेत. पाचव्या-सहाव्या अक्षराला जागाच नाही. त्यामुळे अंधेरीची हाक नेहमी ‘एमके६९’ एवढंच सांगणार आणि नाशिकरोडपासूनचं अंतर १०१ किलोमीटर निघणार, खरं असतं १३९. हे बंधन संदेशाचं आहे, सर्व्हरचं नाही. उपाय हाताने करायचा: ज्या पाच-पंचवीस जवळच्या स्थानकांवर अभ्यास उभा आहे, त्यांना त्यांचा सहा अक्षरी लोकेटर विचारून वेगळी यादी करायची आणि अंतर त्या यादीवरून मोजायचं. दूरच्या स्थानकांसाठी चार अक्षरं पुरतात.

दुरुस्तीतून आलेली चूक

दरम्यान नाशिकरोडच्या पायवर ओपनवेबआरएक्स हे सॉफ्टवेअर बसवलं. एकाच डोंगलवरून पार्श्वभूमीत एफटी८ आणि व्हिस्पर दोन्ही उलगडून ते दोन्ही सेवांना नोंदी पाठवतं, हा मोठा फायदा. त्यात लोकेटर भरायचा नसतो. अक्षांश-रेखांश भरायचे, लोकेटर ते स्वतः काढतं. जागा होती १९ अंश ५७ मिनिटं आणि ७३ अंश ५० मिनिटं. भरलं गेलं १९.५७ आणि ७३.५०.

मिनिटांना साठने भागायचं असतं: ५७ भागिले ६० म्हणजे ०.९५, ५० भागिले ६० म्हणजे ०.८३. तसं न केल्याने केंद्र सुमारे ५५ किलोमीटर नैर्ऋत्येला, कसाऱ्याच्या दक्षिणेला घाटात जाऊन बसलं. लोकेटर निघाला एमके६९एसएन. पहिली चार अक्षरं तीच, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. ही चूक फार होते, कारण जुन्या नकाशांवर आणि काही जीपीएस यंत्रांवर आकडा अंश-मिनिटांत असतो आणि फोनवर दशांशात. पडताळा एकच: पीएसके रिपोर्टरच्या नकाशावर स्वतःची खूण शोधावी, तिच्यावर टिचकी मारावी आणि दिसणारी सहाही अक्षरं हाताने काढलेल्या लोकेटरशी जुळवावीत. खूण घाटात दिसली तर लगेच कळतं.

साडेपाच तास

वेळेचा घोळ याहून अवघड निघाला. एफटी८ला घड्याळ लागतं. दोन केंद्रांच्या घड्याळांत दोन-अडीच सेकंदांपेक्षा जास्त फरक असला की उलगडणं थांबतं. म्हणून सगळे म्हणतात, ‘उलगडतंय ना, मग घड्याळ बरोबर आहे.’ हे खरं नाही. घड्याळ खणाच्या आत कुठे आहे एवढंच सॉफ्टवेअरला कळतं. कोणत्या खणात आहे, ते कळत नाही.

पंचवटीच्या लॅपटॉपवर टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) ठेवला होता, ही हॅम मंडळींची जुनी सवय. पुढे कोणीतरी आपोआप जुळवणी बंद करून घड्याळ हाताने भारतीय वेळेला लावलं. आता यंत्राच्या मते यूटीसी साडेपाच तास पुढे गेली. साडेपाच तास म्हणजे ३३० मिनिटं. त्यांना १५ सेकंदांनी निःशेष भाग जातो आणि व्हिस्परच्या दोन मिनिटांनीही. त्यामुळे उलगडणं अगदी सुरळीत चालू राहिलं. स्थानिक नोंदवहीत पहाटे साडेपाचची हाक ०५:३० यूटीसी म्हणून बसली आणि विश्लेषणात ती पुन्हा भारतीय वेळेत बदलली की सकाळचे अकरा झाले. पहाटेचा गप्प बँड तक्त्यात भर दुपारकडे सरकला. अंतराची चूक निदान डोळ्यांत भरते, ही अशी मुरून बसते.

ती सापडली दुसऱ्या केंद्रामुळे. एकच हाक दोन्हीकडे ऐकली गेली असेल, तर तिची वेळ दोन्ही वह्यांत सेकंदासकट सारखीच हवी. अंधेरीचं ‘सीक्यू’ (‘कोणी आहे का’ अशी हाक) नाशिकरोडला ००:००:१५ आणि पंचवटीला ०५:३०:१५ असं दिसलं, तेव्हाच उलगडा झाला. टाइमझोन भारतीय प्रमाणवेळेवर ठेवला आणि आपोआप जुळवणी सुरू केली. विंडोजची मूळ जुळवणी या कामाला ढोबळ आहे. मायनबर्गचं एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर, बसवून भारताचे पूल सर्व्हर दिले. तो पूलही स्वयंसेवकांनी उघडे ठेवलेल्या सर्व्हरचाच आहे, तेव्हा चार सर्व्हर पुरेत, दहा लावू नयेत.

पायचा प्रश्न वेगळा. पाय ४मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज जाऊन परत आली, की बंद होताना किंवा दर तासाला लिहून ठेवलेल्या वेळेपासून ते पुढे मोजायला लागतं. वीज आल्यावर पाय राउटरच्या आधी उठतो, इंटरनेट येतं, पण घड्याळ जुळायला आणखी काही मिनिटं जातात. तेवढ्या वेळात, घड्याळ योगायोगाने खणाच्या दोन-अडीच सेकंद आसपास असलं, तर शिळ्या वेळेच्या नोंदी सर्व्हरकडे निघून जातात. यावर तीन गोष्टी केल्या. डीएस३२३१ घड्याळाचा तुकडा सीआर२०३२ बटणसेलसह आय-स्क्वेअर-सीच्या चार तारांवर जोडला. घड्याळ जुळवायला टाइमसिंकडीच्या जागी क्रोनी हे सॉफ्टवेअर बसवलं. आणि ओपनवेबआरएक्सची सेवा ‘क्रोनीसी वेटसिंक’ ही घड्याळ जुळेपर्यंत थांबणारी आज्ञा यशस्वी झाल्याशिवाय सुरूच होणार नाही, असं सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीत लिहिलं. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. केवळ पहिली केली तर घड्याळ बहुधा बरोबर असेल. तिसरी केली तर घड्याळ जुळल्याशिवाय नोंद जाणारच नाही.

दुपारची शिट्टी

एक वेगळाच बिघाड नाशिकरोडला दिसे. काही दुपारी धबधब्यावर, म्हणजे संकेत दाखवणाऱ्या सरकत्या आलेखावर, १००० हर्ट्झपाशी जाड उभी रेघ, दोन्ही बाजूंना बोलण्याची पिसं, आणि उलगडलेल्या हाका कमी. पंचवटीच्या ट्रान्सीव्हरवर काहीच नाही. कारण डोंगलच्या घड्याळात आहे. डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये ते सेकंदाला २.८८ कोटी नमुने घेतं, त्यामुळे १४.४ मेगाहर्ट्झच्या वरचं सगळं दुमडून खाली येतं. २८.८ वजा २१.७२५ म्हणजे ७.०७५. आणि २१.४५ ते २१.८५ हा शॉर्टवेव्ह प्रसारणाचा १३ मीटरचा पट्टा. २१.७२५वरच्या केंद्राची वाहक लहर बरोबर आपल्या डायलच्या एक किलोहर्ट्झ वर येऊन बसते. दुसऱ्या रिसीव्हरवर २१.७२५ लावून तोच कार्यक्रम ऐकू आला की खात्री पटते. गेन कमी-जास्त करून उपयोग नाही, या पद्धतीत ट्यूनर वाटेत नसतोच.

उपाय अँटेना आणि डोंगल यांच्यामध्ये लो-पास फिल्टर. २७० पिकोफॅरडचे दोन आणि ६८० पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर, सगळे सी०जी प्रकारचे. तीन टी३७-६ टोरॉइड (तार गुंडाळायच्या कड्या), कडेच्या दोघांवर २१ वेढे, मधल्यावर २४. तार ०.३३ मिलिमीटरची इनॅमलची. वेढा म्हणजे तार भोकातून एकदा जाणं, बाहेरून मोजू नये. साधे सिरॅमिक चकतीचे कपॅसिटर घेतले तर गच्चीवरच्या उन्हात मूल्य सरकतं. या फिल्टरने २० मीटरचा बँडही ऐकू येणं बंद होतं, हे आधीच मान्य करावं लागतं. इथे अभ्यास ४० मीटरचाच असल्याने ते चाललं.

व्हिस्पर जोडायचं असेल तर डोंगलची अचूकताही पाहा. व्हिस्परची खिडकी फक्त २०० हर्ट्झची आहे, डायल ७.०३८६. व्ही३चा स्फटिक १ पीपीएमचा (दहा लाखांत एक भाग चूक), म्हणजे इथे ७ हर्ट्झची चूक, ती खपते. ५० पीपीएमचं स्वस्त डोंगल ३५० हर्ट्झ सरकतं आणि अख्खी खिडकी चुकवतं. एकही नोंद येत नाही आणि माणूस अँटेनाला दोष देत बसतो.

जुन्या नोंदींचं काय

महिन्याचं सगळं फेकावं लागलं नाही. कॉलसाइन आणि संकेताची पातळी शाबूत होती. अंतराचा रकाना पुसून दोन्ही केंद्रांच्या खऱ्या जागेवरून आणि विचारून घेतलेल्या लोकेटरच्या यादीवरून पुन्हा मोजता आला. पंचवटीच्या वेळा सरसकट साडेपाच तास मागे घेतल्या, पण चुकीचा काळ नक्की कधी सुरू झाला ते दोन्ही वह्यांतल्या समान हाका जुळवून ठरवल्यावरच. पायच्या, वीज परतल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाच्या नोंदी गाळल्या, कारण तिथे चूक दर वेळी वेगळी होती आणि दुरुस्तीला आधार नव्हता. ज्या दुपारी शिट्टी होती, त्या दुपारी नाशिकरोडला ‘ऐकू आलं नाही’ याला पुरावा धरलं नाही. ‘ऐकू आलं’ ते धरलं.

नोंदी परत उतरवून घेताना पीएसके रिपोर्टरला पाच मिनिटांतून एकदाहून जास्त विचारू नये, ही त्यांची विनंती आहे. पहिल्या स्क्रिप्टमध्ये दर मिनिटाला विचारणा होती, ती बदलली. ताज्या नोंदी सतत हव्या असतील त्यांच्यासाठी एमक्यूटीटीचा वेगळा प्रवाह उपलब्ध आहे, त्याने मुख्य सर्व्हरवर भार येत नाही.

आता दर रविवारी दोन्ही वह्यांतल्या समान हाकांपैकी दहा काढून वेळ सेकंदापर्यंत जुळवली जाते आणि नकाशावरच्या दोन्ही खुणांची सहा अक्षरं वाचली जातात. दहा मिनिटांचं काम आहे. एकट्या केंद्राला ते करता येत नाही. म्हणून एकच केंद्र असेल, तर शेजारच्या गावातल्या, सिन्नर किंवा ओझरच्या हॅमची वही मागून घ्यावी.